गोठवलेली बिअर : एका नावाचा वाद

टोपी बाजारात उन्हाळ्याच्या दुपारी बर्फाचा गोळा हाती घेऊन उभे राहिले, की ग्वाल्हेरच्या पोरासोरांनाही एक रसायनशास्त्र आपोआप कळते. दोन-चार चोखण्यांत सरबत सगळे तोंडात येते आणि काडीला उरतो तो पांढरा, बेचव बर्फ. पाणी गोठून मागे राहते; रंग, गोडी आणि वास निसटून पुढे येतात. गेली काही वर्षे युरोपातील बिअरवाल्यांत जो वाद माजला आहे, त्याचे मूळ याहून फारसे गहन नाही.

पाणी शून्य अंशाला गोठते, मद्यार्क उणे ११४ ला. म्हणून बिअर गोठवून तिच्यातला बर्फ वारंवार काढून टाकला, की उरलेला द्रव उत्तरोत्तर जहाल होत जातो. जर्मनीतील फ्रँकोनिया प्रांतात ‘आइसबॉक’ या नावाने अशी बिअर पूर्वीपासून होते. हिवाळ्याच्या रात्री एका उमेदवार कामगाराने पिंपे अंगणात विसरल्याची दंतकथाही तिथे सांगतात. पण ती नऊ-दहा टक्क्यांवर समाधान मानणारी. २००९ साली स्कॉटलंडच्या ‘ब्रूडॉग’ या कारखान्याने एका आइस्क्रीमच्या कारखान्यातील थंडी वापरून ३२ टक्क्यांची बिअर काढली आणि मग शर्यत लागली. फ्रँकोनियातील ‘शॉर्शब्राउ’ने ४० टक्क्यांचे उत्तर दिले, स्कॉटांनी २०१० च्या फेब्रुवारीत ४१ टक्के गाठले, त्याच वर्षाच्या जुलैत ५५. पुढे २०१३ साली दुसऱ्या एका स्कॉटिश कारखान्याने आपल्या बाटलीवर ६७.५ हा आकडा छापला.

या बाटल्यांची नावे वाङ्मयाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावीत. पहिली ‘टॅक्टिकल न्यूक्लिअर पेंग्विन’, दुसरी ‘सिंक द बिस्मार्क’, म्हणजे १९४१ साली बुडालेल्या जर्मन युद्धनौकेवरून जर्मन प्रतिस्पर्ध्याला मारलेला टोमणा. तिसरी ‘द एंड ऑफ हिस्टरी’. फुकुयामा यांच्या १९९२ च्या ग्रंथाचे नाव उचललेले, आणि बाटली बसवलेली पेंढा भरलेल्या खारीच्या नि मुंगसासारख्या प्राण्यांच्या पोटात. अणुबाँब, आरमार, जगाचा अंत आणि सर्पविष! जव नाही, रान नाही, गाव नाही, ऋतू नाही. ज्या पेयाला स्वतःच्या चवीविषयी काही सांगायचे असते ते अशी भाषा बोलत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तथापि प्रतिपक्षाची बाजू हसण्यावारी नेण्याजोगी नाही. ते म्हणतात, आम्ही उकळले नाही, बाहेरून मद्यार्क ओतला नाही. जव, हॉप्स आणि किण्व यांपासून जे झाले त्यातून केवळ पाणी काढले. मग ही बिअर नव्हे तर काय? यात तथ्य आहे. भट्टीवर वाफ करून काढलेल्या दारूत जवाचा दाटपणा आणि हॉप्सचा कडवटपणा मागे राहून जातो. गोठवलेल्या बिअरमध्ये तो साठतो. पण याच युक्तिवादाला दुसरी धार आहे. ‘पहिल्या धारेची’ ही आपल्याकडे तारीफ समजली जाते, परंतु जाणता भट्टीवाला अगदी आरंभीचे थेंब टाकून देतो, कारण जे आधी उडते त्यात नको ते असते. बर्फाला धार नसते. तिथे निवड नाही. बरे आणि वाईट दोन्ही सारखेच दाटते. पाण्याखेरीज काहीच काढले नाही, हा ज्यांचा अभिमान आहे तीच त्यांची उणीवही आहे.

आणि ते ‘केवळ पाणी’ तरी किती? दहा टक्क्यांच्या बिअरपासून ३२ टक्क्यांची करायची तर दोन-तृतीयांशाहून अधिक भाग बर्फ म्हणून फेकावा लागतो. ५५ ला पोचेपर्यंत पाच-षष्ठांश. घड्यातले पाच वाटे ओतून दिल्यावर सहाव्याला घड्याचेच नाव द्यावे काय? पेंग्विनच्या बाटलीवर तर तिच्या कर्त्यांनीच सूचना छापली होती, की उत्तम व्हिस्कीप्रमाणे ही अल्प प्रमाणात घ्यावी. फिर्यादीचे काम आरोपीनेच केले.

येथे आमच्या गावाचा कोणी रहिवासी आम्हांस अडवील. टोपी बाजारात काय सगळे टोप्याच घ्यायला येतात? हा बाजार ज्या लष्करात आहे ते लष्कर तरी काय आहे? १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी येथे पडली, छावणीचे शहर झाले, फौज गेली, नाव राहिले. नावे अशी मागे राहतातच. खरे आहे, पण लष्करात पाऊल टाकताना तोफेच्या भयाने कोणी खाली वाकत नाही, आणि वाकला नाही म्हणून त्याचे काही बिघडत नाही. पेयाचे नाव हे मात्र मापही असते. ‘बिअर’ म्हटले की हात मोठ्या पेल्याकडे जातो. त्या पेल्यात ५५ टक्के ओतणे म्हणजे ग्राहकाला टोपी घालणे होय, आणि या अर्थाच्या टोपीला आमच्या बाजारात काही मान नाही.

गोमंतकीय वाचकांना हे सर्व बाळबोध वाटेल. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस भट्टीवर एकदा चढवला की होतो तो उर्राक, पंधरा टक्क्यांच्या आसपासचा. पुन्हा चढवला की काजुलो नि फेणी, चाळिशीच्या पुढची. बोंडे तीच, भट्टी तीच. तरी कोणी उर्राकाला फेणी म्हणून विकू लागला, किंवा उलट, तर मांडवीच्या दोन्ही तीरांवर त्याची शोभा होईल. उन्हाळ्यात उर्राक मोठ्या पेल्यात, फेणी लहानात: शब्दातच शहाणपण साठवलेले. आणि या प्रामाणिक नामकरणाचे फळ काय? २००९ साली, म्हणजे पेंग्विन जन्मले त्याच वर्षी, फेणीला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले खरे, पण ‘देशी दारू’चा शिक्का पुसून गोव्याचा वारसा म्हणून तिची गणना होण्यास २०१६ उजाडावे लागले. स्कॉटिश बाटली मात्र पहिल्या दिवसापासून कला ठरली.

परक्यांना नावे ठेवताना आपल्या दुकानांकडेही पाहावे. २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार आपल्याकडे बिअरची कमाल मर्यादा ८ टक्के आहे, तेव्हा वरील एकही बाटली येथे बिअर म्हणून विकता येणार नाही. पण आपल्या देशात खपणारी बहुतेक बिअर याच मर्यादेला जाऊन टेकलेली असते. गिऱ्हाईक चव विचारत नाही. ‘स्ट्राँग आहे ना?’ एवढेच विचारते, आणि रुपयाला नशा किती पडते याचा हिशेब मनात करते. स्कॉटांची शर्यत म्हणजे या हिशेबाचीच श्रीमंती आवृत्ती आहे. एका बाटलीला पाचशे पौंड आणि वर मेलेली खार.

आम्हांस या द्रवाचे वैर नाही. अंगठ्याएवढ्या पेल्यातून जवाचा तो काळा, मधासारखा दाट अर्क चाखण्याजोगा असू शकेल. आयुर्वेदाने आसव वेगळे मानले, काढा वेगळा, अर्क वेगळा. एक आंबवलेले, दुसरा आटवलेला, तिसरा वाफेने काढलेला. बर्फाने काढलेल्याला चौथे नाव हवे. मराठीत ‘हिमार्क’ चालेल असे वाटते. कोकणीतले नाव भट्टीवाल्यांनीच ठरवावे. त्यांचा या कामातला अधिकार जुना आहे.