मावळातील घराण्यांचे इतिहास : करीना आणि वंशावळ

घराण्याचा इतिहास निव्वळ जिज्ञासेपोटी क्वचितच लिहिला जातो. त्याच्यामागे बहुधा एखादा हक्क उभा असतो. तो सिद्ध करावयाचा असतो किंवा टिकवावयाचा असतो. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६११ मध्ये बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी निर्माण केली, तेव्हा अल्स्टरमध्ये तीस शिपाई तीन वर्षे पोसता येतील एवढी रक्कम, म्हणजे १०९५ पौंड, उमेदवाराकडून अपेक्षित होती. त्याचे वार्षिक उत्पन्न हजार पौंडांचे असावे आणि त्याच्या आजोबांपासून घराण्यास कुलचिन्ह असावे, अशाही अटी होत्या. पैसा नवा असला तरी आजोबा जुने हवेत, हा या योजनेतील खरा चमत्कार होय. त्यामुळे त्या शतकातील इंग्लंडात वंशावळी तयार करण्यास व तपासण्यास मोठाच उत्साह आला. पदवीची छाप पुढील लेखकांवरही पडते. मुंबईचा सर जॉन चाइल्ड आणि कंपनीचा लंडनमधील सूत्रधार सर जोशिया चाइल्ड हे दोघेही बॅरोनेट व दोघांचे आडनाव एक, म्हणून त्यांना पुष्कळ काळ भाऊ मानले गेले. प्रत्यक्षात त्यांचे ते नाते नव्हते.

त्याच शतकात सह्याद्रीच्या खोऱ्यांतील देशमुखांच्या घरी 'करीना' लिहिला जात होता. करीना म्हणजे वतनासंबंधीची हकीकत. ती कथा असते, परंतु न्यायनिवाड्यात पुढे करावयाची कथा असते. कारीच्या जेधे देशमुखांचा करीना हा त्याचा उत्तम नमुना आहे. (येथे एक खुलासा आवश्यक आहे. बारा मावळांतील मावळ आणि आजचा मावळ तालुका एक नव्हेत. कारी भोर तालुक्यात येते. लोणावळा व तळेगाव ज्या तालुक्यात आहेत तो जुन्या मावळांचा केवळ उत्तरेकडील भाग होय. लोकप्रिय लेखनात हा भेद सर्रास पुसला जातो आणि सारी घराणी एकाच दरीत नांदू लागतात.)

जेधे करीन्याकडे दोन चुकीच्या दृष्टींनी पाहिले गेले आहे. एका पक्षाला तो स्वामिनिष्ठेचा पोवाडा वाटतो. दुसरा पक्ष त्याला हितसंबंधी साक्ष म्हणून बाजूस सारतो. दोन्ही पक्ष त्याचा हेतू ओळखतात, पण त्या हेतूचा परिणाम पाहत नाहीत. वतनाचा हक्क सिद्ध करावयाचा तर तो कसा जाता जाता राहिला हे सांगावे लागते. आणि ते सांगताना नुसत्या बापलेकांच्या नावांनी भागत नाही. भाऊबंदकीत झालेला नाईकजींचा खून, तान्ह्या कान्होजीला वाचविणारा देवजी महाला, मोसेखोऱ्याच्या बाजी पासलकरांनी दिलेला आश्रय व पुढे जुळलेली सोयरीक ही सारी माणसे त्यामुळेच हकीकतीत येतात. वंशावळीत देवजी महाल्याला जागा असणे शक्य नाही. करीन्यात त्याच्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही. दावा सांगणारे साधन अधिक पक्षपाती खरे, परंतु तेच अधिक माणसाळलेलेही आहे.

याच घराण्याची शकावली करीन्याशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या नोंदींची ही टाचणवही लोकमान्य टिळकांच्या द्वारे १९१६ मध्ये प्रसिद्धीस आली, आणि शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी तिच्यामुळे अभ्यासकांपुढे ठामपणे उभी राहिली. तिला काहीही सिद्ध करावयाचे नव्हते, म्हणून ती रूक्ष आहे आणि म्हणूनच तिथीवारासाठी भरवशाची आहे. तथापि माणसे का वागली हे तिला विचारून उपयोग नाही. ते करीन्यालाच विचारावे लागते, अर्थात उलटतपासणी करून.

आता लोणावळ्याहून पुण्याकडे येणाऱ्या वाटेवरील तळेगावच्या दाभाड्यांकडे वळले म्हणजे याची दुसरी बाजू दिसते. मूळची पाटीलकी, १६८९ मध्ये राजारामांबरोबर जिंजीच्या बिकट प्रवासात येसाजी दाभाडे, १७१७ मध्ये शाहूंकडून खंडेरावांना सेनापतिपद, त्यानंतर त्रिंबकराव व यशवंतराव. वंशावळीत ही पदवी बापाकडून मुलाकडे आणि भावाकडून भावाकडे सरळ उतरत जाते, आणि तिच्यावर विसंबणारा वाचक १७३१ नंतर सत्ता यशवंतरावांची असे समजून चालतो. वस्तुस्थिती निराळी आहे. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत बाजीरावांविरुद्ध लढताना त्रिंबकराव पडले. यशवंतराव लहान होते. कारभार आला तो खंडेरावांच्या विधवा पत्नी उमाबाईंच्या हाती. १७३२ मध्ये पिलाजी गायकवाडाचा खून झाल्यावर गुजरातेवर फौज घेऊन निघाल्या त्या उमाबाई, आणि १७५१ मध्ये ताराबाईंचा पक्ष घेतल्याबद्दल पेशव्यांच्या कैदेत पडल्या त्याही उमाबाईच. सुमारे वीस वर्षांचा हा कारभार वंशावळीच्या रेघेत 'अमुकाची पत्नी, अमुकाची आई' एवढ्यावर आटोपतो. पदवी तिच्याकडे उतरली नव्हती, म्हणून तिची नोंद नाही. इंग्रज बॅरोनेटांच्या वंशवृक्षांतही स्त्रियांची गत बव्हंशी अशीच आहे. पदवी पुरुषवंशात उतरते आणि मुली विवाहापाशी थांबतात.

घराण्याचे नंतरचे लेखन पेशव्यांनी केलेल्या अन्यायावर भर देते, हे समजण्यासारखे आहे. परंतु तक्रारीच्या भरात दाभाड्यांच्या घरातच घडलेली उलथापालथ झाकली जाते. गायकवाड हे त्यांचे मुतालिक. गुजरातेतील मोहिमा, वसुली व ठाणी दिवसेंदिवस मुतालिकाच्या हाती गेली होती. १७५२ मध्ये गुजरातेची वाटणी झाली, तेव्हा पेशव्यांनी करार केला तो दमाजी गायकवाडाशी. उमाबाई १७५३ मध्ये वारल्या, यशवंतराव त्यांच्या मागोमाग. दाभाड्यांच्या घरात वावरलेला 'सेनाखासखेल' हा किताब पुढे बडोद्याच्या गायकवाडांच्या नावापुढे लागू लागला. मालकाच्या घरातून चाकराच्या घरात गेलेल्या या किताबासाठी तळेगावच्या वंशावळीत रेघ नाही आणि बडोद्याच्या वंशावळीतही नाही.