वंशावळ आणि पुरावा : सल्ग्रेव्हचे वॉशिंग्टन घराणे

वंशावळीची गणना वाङ्मयात करावी की नाही, याविषयी मतभेद होण्यासारखा आहे. बहुतेक वंशावळी वाचवत नाहीत हे खरे. आणि ज्या वाचवतात त्या बहुधा खऱ्या नसतात. हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स यांचा जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या इंग्लंडमधील पूर्वजांविषयीचा निबंध मात्र या दोन्ही वर्गांत बसत नाही. १८८९ साली बॉस्टनच्या एका वंशशास्त्रीय त्रैमासिकात तो प्रसिद्ध झाला. त्यात वर्णने नाहीत, पूर्वजांचे पराक्रम नाहीत. आहेत त्या मृत्युपत्रांच्या नकला, चर्चच्या वह्यांतील ओळी आणि त्यांवरचे मोजके भाष्य. असे असूनही तो आम्ही एका बैठकीत वाचला, आणि वाचून झाल्यावर टीकालेखनाचा एक चांगला नमुना वाचल्याचे समाधान वाटले. ते का वाटले, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

या घराण्याची पहिली वंशावळ तयार केली ती सर आयझॅक हर्ड यांनी. ते इंग्लंडच्या राजदरबारातील मुख्य कुलचिन्हाधिकारी, म्हणजे कोणत्या घराण्याने ढालीवर कोणते चिन्ह मिरवावे हे ठरविणाऱ्या खात्याचे प्रमुख. १७९१ साली त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांस पत्र पाठवून घराण्याची माहिती मागितली. वॉशिंग्टन यांनी १७९२ च्या मे महिन्यात जे उत्तर धाडले ते त्यांच्या स्वभावास शोभण्याजोगे होते. या विषयाकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही, असे त्यांनी कबूल केले, आणि आपले पूर्वज इंग्लंडच्या उत्तरेकडील परगण्यांतून १६५७ च्या सुमारास आले असे वडीलधाऱ्यांकडून ऐकले होते तेवढे कळविले. सालाविषयीची ही ऐकीव माहिती पुढे बरोबर ठरली. हर्ड यांच्यापुढे प्रश्न एवढाच होता की, व्हर्जिनियात गेलेले जॉन आणि लॉरेन्स हे दोन भाऊ कोणाचे मुलगे? नॉर्दॅम्प्टन परगण्यात सल्ग्रेव्ह येथे वॉशिंग्टन नावाचे जमीनदार घराणे होते, आणि १६१६ साली वारलेल्या लॉरेन्स वॉशिंग्टन यांच्या मुलांत एक जॉन व एक लॉरेन्स होते. नावे जुळली, काळही ढोबळमानाने जुळला. हर्ड यांनी दोघांना जहाजात बसवून व्हर्जिनियात उतरवले.

पाऊणशे वर्षे ही वंशावळ कोणी तपासली नाही. अमेरिकेने इंग्लंडच्या राजाचे जोखड फेकून दिले होते, पण राजाच्या कुलचिन्हाधिकाऱ्याचा शब्द तिथे प्रमाण राहिला, हा विनोद चरित्रकारांच्या ध्यानात आलेला दिसत नाही. १८६६ साली लंडनमध्ये राहणारे अमेरिकन संशोधक जोसेफ लेम्युएल चेस्टर यांनी एक छोटा लेख लिहून तिचा निकाल लावला. त्यांनी दाखविले की हर्ड यांचा जॉन हा सरदारकी मिळालेला 'सर' जॉन होता, आणि त्यांचा लॉरेन्स हा ऑक्सफर्डची पदवी घेतलेला धर्मोपदेशक होता. व्हर्जिनियातील कागदपत्रांत जॉनला 'सर' म्हटलेले नाही आणि लॉरेन्स तिथे धर्मोपदेशक म्हणून वावरलेला नाही. तेव्हा ही माणसे ती नव्हेत. मग ती कोण, याचे उत्तर चेस्टर यांना देता आले नाही, आणि त्यांनी ते देण्याचा आवही आणला नाही. १८८२ साली ते निवर्तले तेव्हा ती जागा रिकामीच होती.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचे दिवस नोंदवह्यांच्या सहवासात जातात. म्हणून या पुराव्याचे स्वरूप त्यांना इतरांपेक्षा लवकर उमगेल. १५३८ साली टॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतील वस्तीच्या, उपाध्यायाने बाप्तिस्मे, विवाह व दफने यांची वही ठेवावी. लोकांना या हुकुमात नव्या कराचा वास आला. पहिल्या वह्या कागदी होत्या. १५९८ च्या सुमारास त्या चर्मपत्रावर उतरवून काढण्याची व दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठविण्याची आज्ञा झाली. जिने सरकारी नक्कल पाहिली आहे त्या दृष्टीला हे सांगावयास नको की उतरवताना काय काय गळले असेल. शिवाय वही ठेवणाऱ्याचा हेतू मर्यादित असतो. मूल केव्हा जन्मले हे तो लिहीत नाही, त्याच्यावर पाणी केव्हा शिंपडले ते लिहितो. माणूस केव्हा वारला हे नव्हे, केव्हा पुरला ते. वर्षही तेव्हा २५ मार्चला सुरू होई. ही पद्धत १७५२ पर्यंत चालली. म्हणून वहीतील १६५४ चा जानेवारी हा आपला १६५५ चा जानेवारी असतो, आणि हे विसरणाऱ्या वंशावळकाराच्या हातून आईच्या मृत्यूनंतर मूल जन्मते.

मृत्युपत्रांचे दप्तर याहून गुंतागुंतीचे. १८५८ पर्यंत इंग्लंडात मृत्युपत्रे मंजूर करण्याचा अधिकार चर्चच्या न्यायालयांकडे होता. मोठ्यांची, अनेक परगण्यांत मालमत्ता असणाऱ्यांची मृत्युपत्रे कॅंटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयात जात. लहानसहान गृहस्थांची खालच्या धर्मन्यायालयांत पडून राहत. घराण्याची थोरवी शोधणारा साहजिकच वरच्या न्यायालयात जातो. वॉटर्स हे मॅसॅच्युसेट्समधील सेलम गावचे. १८८३ पासून बॉस्टनच्या संस्थेतर्फे ते लंडनमध्ये बसून, न्यू इंग्लंडमधील कुटुंबांची नावे जिथे आढळतील तिथून मृत्युपत्रे टिपत होते. एकाच घराण्याचा माग घेण्याऐवजी बांधच्या बांध उलगडण्याची ही रीत कंटाळवाणी खरी. पण जे नाव आपण शोधत नाही त्याच्या कागदात आपले माणूस सापडते ते याच रीतीने.

आणि झाले तसेच. हर्टफर्ड परगण्यातील ट्रिंग या गावी अँड्र्यू नोलिंग नावाचे एक सुखवस्तू गृहस्थ १६५० च्या सुमारास वारले. त्यांच्या मृत्युपत्रात लॉरेन्स वॉशिंग्टन नावाच्या धर्मपुत्रास वारसा दिला आहे. त्याची आई अ‍ॅम्फिलिस वॉशिंग्टन, आणि तिची मुले जॉन, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट व मार्था यांना देणग्या आहेत. जॉन, लॉरेन्स आणि मार्था ही तीन भावंडांची नावे व्हर्जिनियातील कागदांतही एकत्र येतात. नोलिंग अ‍ॅम्फिलिसला 'डॉटर-इन-लॉ' म्हणतात. आजच्या इंग्रजीत ही सून झाली. सतराव्या शतकात या शब्दाचा अर्थ सावत्र मुलगी असाही होई. सून मानले तर सारी वंशावळ नोलिंग यांच्या नसलेल्या मुलाच्या शोधात भरकटते. जुन्या मृत्युपत्रांतील 'कझिन' हा असाच फसवा शब्द आहे. त्यात पुतण्यापासून दूरच्या आप्तापर्यंत कोणीही मावतो. मराठीत काका, मामा, आत्या, मावशी यांना निरनिराळी नावे देणाऱ्या पूर्वजांचे ऋण अशा वेळी मान्य करावेसे वाटते.

नोलिंग यांच्या मृत्युपत्रानंतर वॉटर्स ट्रिंगच्या चर्चच्या वहीकडे वळतात. १६३५ साली लॉरेन्स, १६३६ साली एलिझाबेथ, १६४१ साली विल्यम असे बाप्तिस्मे तिथे नोंदलेले आहेत. लिहिणाऱ्याने पितापुत्रांच्या नावाचे स्पेलिंग असे केले आहे की ते 'लेअरंक' असे वाचावे लागते. १६५५ च्या जानेवारीत अ‍ॅम्फिलिसचे दफन आहे. १६५६ च्या फेब्रुवारीत तिच्या मालमत्तेच्या व्यवस्थेचा अधिकार थोरला मुलगा जॉन याला मिळाला, आणि १६५७ च्या प्रारंभी जॉन वॉशिंग्टन नावाचा तरुण 'सी हॉर्स' या जहाजावरून व्हर्जिनियात पोहोचला, तो तेथेच राहिला. जॉर्ज वॉशिंग्टन त्यांचे पणतू. बाप कोण? तोच तो लॉरेन्स, ऑक्सफर्डचा पदवीधर धर्मोपदेशक! म्हणजे हर्ड यांनी माणूस बरोबर निवडला होता, फक्त एक पिढी चुकवली होती; आणि चेस्टर यांनी ज्या माणसाला योग्य कारणासाठी बाहेर काढले तोच पिता म्हणून परत आला. वॉटर्स हे सांगताना कोठेही जयघोष करीत नाहीत. हा संयम आम्हांला निबंधाचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

एक गोष्ट मात्र वॉटर्स यांच्या कोरड्या टिपणांतून सुटते, ती मराठी वाचकाला चटकन दिसावी. बाप एसेक्स परगण्यात पर्ली येथे रेक्टर, आणि मुलांचे बाप्तिस्मे मात्र ट्रिंगला. ट्रिंगला अ‍ॅम्फिलिसची आई आणि सावत्र बाप. आम्हांला यात बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक दिसते. पुरावा नाही, तर्क आहे, आणि तो तर्क म्हणूनच नोंदवितो. थोरल्या जॉनचे नाव ट्रिंगच्या वहीत नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. लॉरेन्स तोपर्यंत ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजचे फेलो होते, आणि फेलोने अविवाहित असणे हा नियम होता. १६३३ साली पर्लीची जागा मिळाली तेव्हा फेलोपद सुटले. जॉनच्या जन्माची नोंद कोठे आणि का दडली, याविषयी वाचकाने स्वतःच काय तो अंदाज करावा.

या पर्लीच्या रेक्टरविषयी दोन साक्षी उपलब्ध आहेत आणि त्या परस्परविरुद्ध आहेत. १६४३ साली पार्लमेंटच्या पक्षाने राजनिष्ठ उपाध्यायांना हुसकावले, तेव्हा लॉरेन्स यांचीही जागा गेली. त्याच वर्षी जॉन व्हाइट या पार्लमेंट सदस्याने अशा शंभर उपाध्यायांच्या कुकर्मांची छापील यादी काढली. तीत हे गृहस्थ दारूच्या गुत्त्यांत नेहमी बसणारे म्हणून नमूद आहेत. उलट जॉन वॉकर यांच्या १७१४ सालच्या, हुसकावलेल्या उपाध्यायांची कैफियत मांडणाऱ्या ग्रंथात तेच गृहस्थ शांत, विनयशील आणि निर्व्यसनी आहेत. चरित्रकार आपापल्या आवडीप्रमाणे एक साक्ष घेतात. आमच्या मते दोन्ही कागदांचा हेतू आधीच ठरलेला आहे. एकाला जागा रिकामी करायची होती, दुसऱ्याला ती अन्यायाने रिकामी झाली हे दाखवायचे होते. ज्याने खात्यातील चौकशीचे अहवाल वाचले आहेत त्याला या दोन्ही शैली ओळखीच्या वाटतील. हेतुशून्य साक्ष एकच आहे : लॉरेन्स यांना पुढे लिटल ब्रॅक्स्टेड ही लहानशी, उत्पन्नाने दरिद्री जागा मिळाली, आणि १६५३ च्या जानेवारीत मॉल्डनच्या एका चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. बायको व मुले ट्रिंगला होती. घराणे मोठे, पण या शाखेजवळ उरले होते ते एवढेच, आणि थोरला मुलगा समुद्रावर का गेला याचे उत्तर यात असावे.

'घराणे मोठे' म्हणताना आम्ही थोडे अडखळतो. सल्ग्रेव्हची जमीन या घराण्याकडे आली ती १५३९ साली. मठांची मालमत्ता राजाने जप्त करून विकायला काढली होती, आणि नॉर्दॅम्प्टनचे महापौरपद भूषविलेले लोकरीचे व्यापारी लॉरेन्स वॉशिंग्टन यांनी ती सुमारे ३२४ पौंडांना घेतली. व्यापारी एका खरेदीखताने जमीनदार झाला. पुढे सल्ग्रेव्ह हातचे गेले, आणि नातू ब्रिंग्टनला वारला. शेजारच्या ऑल्थॉर्पच्या स्पेन्सर घराण्यानेही लोकरीवरच श्रीमंती मिळविली होती. त्यांना मध्ययुगातील डिस्पेन्सर सरदारांचे वंशज ठरविणारी वंशावळ एका कुलचिन्हाधिकाऱ्याने करून दिली, आणि ती खोटी असल्याचे होरेस राउंड या कठोर इतिहासकाराने १९०१ साली दाखविले. वॉशिंग्टनांच्या वाट्याला असा उपकार आला नसता तर नवल. पुढील काळात त्यांची मुळे थेट ओडिन देवापर्यंत नेणारेही निघाले.

वॉटर्स यांचा निबंध निर्दोष नाही. अ‍ॅम्फिलिसचे माहेर त्यांना निश्चित करता आले नाही. ते ट्विग्डेन कुळ होते हे ठरायला विसावे शतक उजाडावे लागले. सात पिढ्यांचे पुरुष सापडले तरी बायकांची केवळ पाळण्यातली नावे उरतात, ही गोष्ट त्यांना खटकलेली दिसत नाही. आणि आणखी एक. मृत्युपत्र हा त्यांचा मुख्य आधार. पण व्हर्जिनियात पोहोचल्यावर याच दस्तऐवजात पलंग, घोडे आणि माणसे एका यादीत येऊ लागतात. १७९९ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्र केले, त्यात आपल्या मालकीच्या १२३ गुलामांना पत्नीच्या पश्चात मुक्त करण्याची तरतूद केली. त्याच वर्षी माउंट व्हर्ननवरील गुलामांची यादी झाली. तीत नाव आहे, वय आहे, काम आहे, कोणाचे लग्न कोणाशी हेही आहे. त्यांतील बहुतेकांची वंशावळ त्या यादीपासून सुरू होते आणि मागे जात नाही, कारण त्यांच्या आजोबांचा बाप्तिस्मा लिहिण्यासाठी कोणत्याही ट्रिंगमध्ये वही नव्हती. वॉटर्स यांच्या निबंधाची मर्यादा इंग्लंडपुरती होती हे मान्य. तरी त्याच्या शेवटच्या पानावर या यादीची आठवण होते, आणि ती व्हावी असे आम्हांस वाटते.

ज्यांना हा विषय मुळातून वाचावयाचा आहे त्यांनी चेस्टर यांचा १८६६ चा लेख आधी वाचावा, मग वॉटर्स यांचा निबंध. हर्ड यांची वंशावळ कोठे हाती लागली तर ती सर्वांत शेवटी उघडावी. तिची अक्षरे फार सुंदर असतील.