मिस्ड कॉल दिला, पण गोळी घेतली का?

मोबाईल हेल्थवर पीएचडीचं प्रपोजल लिहायचं डोक्यात असेल, तर आधी एक छोटा पेपर वाचा. बीना थॉमस, रामनाथ सुब्बरामन आणि सहकाऱ्यांचा, २०२० साली ‘क्लिनिकल इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये आलेला. थॉमस तेव्हा चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेत होत्या. सुब्बरामन तेव्हा अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात होते, पण मुंबईच्या वस्त्यांमध्ये त्यांनी आधीही काम केलेलं आहे.

विषय आहे ‘९९डॉट्स’. टीबीच्या गोळ्यांच्या पाकिटाला कागदी वेष्टन असतं. गोळी बाहेर काढली की मागे लपलेला टोल-फ्री नंबर दिसतो. रुग्णाने त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, की त्या दिवसाचा डोस ‘घेतला’ म्हणून नोंद होते. स्मार्टफोन नको, बॅलन्स नको. कल्पना खरंच सुंदर आहे, आणि म्हणूनच तिच्यावर प्रश्न विचारायला जरा धाडस लागतं. कारण सिस्टीमला दिसतो तो फक्त कॉल.

या लोकांनी काय केलं, तर न सांगता रुग्णांच्या घरी जाऊन लघवीची तपासणी केली. आयसोनियाझिड पोटात गेलं असेल तर रंग बदलतो. मुंबई आणि तमिळनाडूतले जवळपास ६०० रुग्ण. ‘तुम्ही गोळ्या घेता का?’ या प्रश्नावर आपल्याकडे बहुतेक जण ‘हो’च म्हणतात, त्यामुळे प्रश्नावलीवर न थांबता इतकी मेहनत घेतली, हे मला या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. निकाल असा: रुग्णांच्या कॉलवरून पाहिलं तर सेन्सिटिव्हिटी ७० टक्के, स्पेसिफिसिटी ६१ टक्के.

हे आकडे पाठ करून सोडू नका, हिशेब करा. समजा १०० रुग्ण आहेत आणि ८५ जणांनी आज गोळी घेतली आहे. त्यातल्या साधारण २५ जणांनी कॉलच केला नाही, म्हणून ते ‘चुकले’ असे दिसतील. गोळी न घेतलेल्या १५ पैकी ९ जण बरोबर सापडतील, ६ निसटतील. म्हणजे आरोग्य कर्मचाऱ्याच्या यादीत ३४ नावं, आणि खरी गरज ९ जणांना. जिंतूर तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर मोटरसायकलने फिरणाऱ्या माणसाने या यादीवर किती दिवस विश्वास ठेवावा? चार-पाच वेळा फुकट चक्कर झाली की यादी उघडणंच बंद होतं. अचूकतेचा प्रश्न इथे कामाच्या ओझ्याचा प्रश्न होतो.

आणखी एक बारीक गोष्ट. कर्मचारी रुग्णाशी बोलून डोस हाताने ‘घेतला’ अशी नोंद करू शकतो. त्या नोंदी धरल्या की सेन्सिटिव्हिटी वाढते, पण स्पेसिफिसिटी आणखी घसरते. डॅशबोर्ड हिरवागार, माहिती मात्र कच्ची. (डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट लावून ‘इम्पॅक्ट’ दाखवणारी प्रेझेंटेशनं तुम्हीही पाहिली असतील.)

आता माझी हरकत. लघवीची तपासणी मागच्या एक-दोन दिवसांपुरतंच सांगते. महिनाभर नियमित असलेला माणूस नेमक्या त्या एक-दोन दिवसांत चुकला, तर तो ‘न घेणारा’ ठरतो, उलटही होतं. त्यामुळे ६१ टक्के हा रोजच्या नोंदीच्या अचूकतेचा आकडा आहे. सहा महिन्यांच्या उपचाराबद्दलचं विधान म्हणून तो वापरू नका. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये ही गल्लत अगदी सहज होते.

दुसरी हरकत जागेची. याच गटाने त्याच वर्षी मुलाखतींवर आधारित वेगळा पेपर लिहिला. लोक कॉल का करत नाहीत, याची कारणं त्यात आहेत: हाताशी फोन नसणं, रेंज, वाचता न येणं, आजार उघड होण्याची भीती. मला तो पेपर आकड्यांच्या पेपरइतकाच महत्त्वाचा वाटतो. पण दोन्हींमधला रुग्ण मुख्यतः शहरातला आहे. परभणी जिल्ह्यात गंगाखेड, सोनपेठ, पालमकडची माणसं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. हंगाम साधारण पाच-सहा महिने. साध्या टीबीचा उपचारही सहा महिने! म्हणजे एखाद्याचा अख्खा कोर्स फडावरच्या कोपीत जाऊ शकतो. टोळीत फोन कुणाकडे, तो चार्ज कुठे होतो, पहाटे तोडीला निघालेली बाई कॉल कधी करणार, आणि नवऱ्याच्या फोनवरून केला तर त्याला आजार कळलेला चालणार आहे का?

इथे अभ्यास करायचा तर ‘अचानक घरी भेट’ ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. आधी घर कुठलं धरायचं, गावातलं की कारखान्यावरचं, हे ठरवावं लागेल. सॅम्पलिंग फ्रेममध्ये मुकादमाच्या टोळ्या घ्याव्या लागतील, आणि मुकादमाला न कळू देता लघवीची तपासणी कशी करायची याचं उत्तर एथिक्स कमिटीला द्यावं लागेल. प्रपोजलची पहिली दोन पानं यावरच खर्च करा.