‘परशुराम’ डाकोटा : अस्सल कीं नक्कल ?

ता. ४ मे २०१८ रोजीं दिल्लीनजीकच्या हिंडन तळावर भारतीय हवाई दलानें ‘परशुराम’ नांवाचें एक जुनें डाकोटा विमान समारंभपूर्वक आपल्या संग्रहांत घेतलें. त्याच्या अंगावर ‘व्ही. पी. ९०५’ हा क्रमांक आहे. ता. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं शीख पलटणीचे शिपाई घेऊन श्रीनगरास जें डाकोटा प्रथम उतरलें त्याचा हाच क्रमांक, असें हवाई दलाची परंपरा सांगते. ह्या साम्यामुळें ‘काश्मीर वांचविणारें तेंच विमान परत आलें’ असा समज पसरला असून तो लेखांतून व भाषणांतून पुनःपुन्हा डोकावतो. हा समज पुराव्यास कितपत उतरतो एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

(१) अंगचा पुरावा. विमानावर रंगविलेला क्रमांक हें पोथीच्या वेष्टनावरील नांव होय. कारखान्याचा क्रमांक ही तिची पुष्पिका होय. वेष्टन केव्हांही बदलतां येतें. ‘परशुराम’चा कारखान्याचा क्रमांक १६०७२/३२८२० असा जोडक्रमांक आहे. तो अमेरिकेंतील ओक्लाहोमा सिटी येथील डग्लस कारखान्याचा असून, त्यास जुळणारा अमेरिकन लष्करी क्रमांक ४४-७६४८८ होय. पुढें ब्रिटिश हवाई दलांत हें विमान ‘के. एन. ३९७’ झालें, आणि युद्धानंतर ब्रिटनच्या नागरी नोंदवहींत ‘जी-ए. एम. एस. व्ही.’ ह्या नांवानें दाखल झालें. कॉव्हेंट्री येथील एअर अटलांटिक कंपनीच्या ताफ्यांत तें दीर्घ काळ होतें. ह्याच कंपनीच्या डाकोटांनीं १९९६ सालीं वेल्सच्या किनाऱ्यावर ‘सी एम्प्रेस’ जहाज फुटलें तेव्हां समुद्रावरील तेलाच्या तवंगावर औषध फवारलें होतें. तात्पर्य, ह्या देहाची कुळकथा ब्रिटनमध्यें घडली. श्रीनगरचें वैभव तिच्यांत बसत नाहीं.

(२) दात्याचा हेतु. तत्कालीन राज्यसभा-सदस्य राजीव चंद्रशेखर ह्यांनीं हें विमान स्वखर्चानें दुरुस्त करवून हवाई दलास अर्पण केलें. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे स्वतः डाकोटाचे वैमानिक होते. २०१८ च्या एप्रिलांत हें विमान कॉव्हेंट्रीहून उडत जामनगरमार्गें येथें पोंचलें. सत्तरी ओलांडलेलें यंत्र स्वतःच्या पंखांवर एवढा पल्ला गांठतें, ही गोष्ट सामान्य नव्हे. क्रमांक दिला तो स्मरणार्थ; त्यांत कपट मुळींच नाहीं. दोष आहे तो स्मारकास साक्षीदार समजणाऱ्या लेखकांचा.

(३) प्रथम मानाचा प्रश्न. शिवाय ज्या घटनेचें स्मरण करावयाचें तिच्याविषयींही दोन परंपरा आहेत. हवाई दलाची परंपरा पहिल्या उतरण्याचा मान १२ व्या स्क्वॉड्रनचे विंग कमांडर के. एल. भाटिया ह्यांस देते. ओरिसांतील परंपरा तोच मान बिजू पटनायक ह्यांस देते. त्या मोहिमेंत लष्करी विमानांबरोबर नागरी कंपन्यांचींही डाकोटा विमानें लागलीं होतीं, हें ध्यानीं घेतलें म्हणजे दोन परंपरा कशा उत्पन्न झाल्या तें उमगतें. परंतु दोन्ही एकाच वेळीं खऱ्या असूं शकत नाहींत. निवाडा व्हावयाचा तो त्या दिवसाच्या उड्डाण-नोंदींवरून. स्मारकावरील रंगावरून नव्हे.

पटनायकांच्या कलिंग कंपनीचें ‘व्ही. टी.-ए. यू. आय.’ हें डाकोटा कलकत्त्याच्या विमानतळावर अनेक वर्षें पडून होतें. तें सुटें करून २०२३ सालीं भुवनेश्वरास नेलें व तेथें मांडलें. येथें प्रकार उलट आहे. देह निःसंशय त्याच कंपनीचा. परंतु जुलै १९४७ मध्यें इंडोनेशियाचे नेते सुतान शहरीर ह्यांस सोडवून आणण्याची कीर्ति लोक त्यास चिकटवितात. एकीकडे नांव उसनें, दुसरीकडे कथा पुराव्याची वाट पाहणारी. दोहोंस एकच कसोटी लाविली पाहिजे.

(४) वऱ्हाडाचा संबंध. ता. ३० जानेवारी १९४९ पासून रफी अहमद किडवाई ह्यांच्या पुढाकारानें रात्रीचें हवाई टपाल सुरू झालें. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहांटेपर्यंत तीं परत जात. नकाशावर मुंबई-नागपूर अशी सरळ रेषा ओढली तर ती बुलढाणा जिल्ह्यांत चिखली-मेहकरच्या टापूवरून जाते. युद्धासाठीं बांधलेल्या डाकोटांनीं शांततेच्या काळांत केलेलें हें काम मोलाचें असूनही त्यांचे क्रमांक जपण्याची कोणास हौस नाहीं. पराक्रमाचा एक क्रमांक दोन देहांस मिळतो, आणि रोजची चाकरी करणारे देह निनांवी राहतात.

(५) निष्कर्ष. ह्या जिल्ह्यांतील देशमुख-देशपांड्यांचीं दफ्तरें ज्यांनीं चाळलीं असतील त्यांस सनदांच्या नकला परिचित आहेत. नकलेवर तारीख मुळाची असते, कागद व हात मागाहूनचा असतो. म्हणून प्रामाणिक कारकून तिच्यावर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा मारी. त्या शेऱ्यानें नकलेची किंमत घटत नसे, उलट तिजवर विसंबतां येई. ‘परशुराम’पाशींही असा शेरा ठळक असावा : देह के. एन. ३९७ चा, नांव व्ही. पी. ९०५ चें, हेतु स्मरणाचा. तसें न झाल्यास पुढील पिढी दोन विमानांचें एक विमान करील, आणि दोघांचेंही चरित्र बुडेल. संग्राहकांस विनंति इतकीच कीं, जुन्या वैमानिकांच्या घरीं उड्डाणवह्या असतील तर त्या रद्दींत जाण्यापूर्वीं मिळवाव्या. ह्या विषयाचीं अस्सल कागदपत्रें तींच होत.