एका रात्रीचा मुक्काम आणि रोजचा थांबा : शिरपामाळ कसा वाचायचा?

संशोधनाचा विषय ठरला की पहिली अडचण येते ती माहिती नसण्याची नाही, तर माहिती आयती मिळण्याची. आज त्याचंच एक उदाहरण घेऊ.

माझं पीएच.डी.चं काम जुन्या वाटा आणि वाटेवरच्या थांब्यांवर आहे. त्यासाठी मी सूर्यमाळ, खोडाळा, मोखाडा, जव्हार या पट्ट्यात फिरते. इथे कुणालाही विचारा, ‘जुना मुक्काम कुठला?’ उत्तर ठरलेलं : जव्हारजवळचा शिरपामाळ.

गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. शिवाजी महाराज सुरतेवर जाताना जव्हारला मुक्कामी थांबले. तिथले राजे विक्रमशहा मुकणे यांनी त्यांचं स्वागत केलं, मानाचा शिरपेच चढवला. म्हणून तो शिरपामाळ. आज तिथे स्मारक आहे. येणारे-जाणारे गाडी थांबवतात, दर्शन घेतात, फोटो काढतात.

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मी हे सगळं एका वाक्यात लिहून टाकलं होतं : ‘शिरपामाळ हे १६६४ मधील मुक्कामाचे ठिकाण होय.’ मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहिला, ‘कशावरून?’ त्या एका शब्दापायी मला अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हा लेख.

त्या वाक्याचे तुकडे करून बघा. त्यात तीन विधानं लपलेली आहेत.

पहिलं : जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली. हे पक्कं आहे. सुरतेत इंग्रजांची आणि डचांची वखार होती, त्यांची त्या काळातली पत्रं उपलब्ध आहेत.

दुसरं : वाट जव्हारवरून गेली. नाशिक-त्र्यंबकच्या पठारावरून सुरतेच्या बाजूला उतरायचं तर हा मुलूख वाटेत येतो. म्हणजे हे शक्य आहे. पण ‘शक्य आहे’ आणि ‘झालं’ यांच्यामध्ये एक पुरावा लागतो.

तिसरं : याच माळावर शिरपेच चढवला. हे मुख्यतः लोकपरंपरेवर आणि जागेच्या नावावर उभं आहे.

तिन्ही विधानांचं वजन वेगळं आहे. मी मात्र तिन्ही एकाच तागडीत घातली होती. परंपरा खोटी, असं मी म्हणत नाहीये. परंपरा हासुद्धा पुरावाच असतो, पण लोकांनी काय जपलं याचा. काय घडलं याचा पुरावा वेगळा शोधावा लागतो.

आता नावाकडे या. या भागात ‘माळ’ शेवटी असलेली नावं अनोळखी नाहीत, सूर्यमाळ समोरच आहे. प्रश्न ‘शिरपा’चा. शिरपेचातला ‘च’ कुठे गेला? बोलताना गळाला असेल, हे अशक्य नाही. पण आपल्या खेड्यापाड्यांत श्रीपत किंवा श्रीपाद नावाच्या माणसाला ‘शिरपा’ म्हणतात, हेही आठवा. म्हणजे ‘शिरपाचा माळ’ अशीही फोड होऊ शकते. मी तीच खरी मानते असं नाही. पण दुसरी फोड शक्य असेल, तर नाव एकटं साक्षीला उभं राहू शकत नाही. अशा वेळी जुने नकाशे आणि महसुली कागद काढायचे, स्मारक होण्याआधी नाव कसं लिहिलं जायचं ते बघायचं, आणि पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना ते नाव मोठ्याने उच्चारायला सांगायचं.

गोष्ट सांगताना आणखी एक वर्ष गळतं : १६७२. त्या वर्षी मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतलं. स्वागत १६६४ चं धरलं, तर मध्ये जेमतेम आठ वर्षं. एवढ्यात संबंध का बदलले? विक्रमशहांनी केलेलं स्वागत मैत्रीचं होतं, नाइलाजाचं होतं, की एका छोट्या राजाचा हिशेबी निर्णय? खरा संशोधनाचा प्रश्न इथे सुरू होतो. मुकणे हे महादेव कोळी घराणं. त्यांना फक्त स्वागतासाठी दारात उभं करणं हा त्यांच्यावरही अन्यायच आहे.

आता स्मारकाबद्दल. त्यामुळे एका आदिवासी संस्थानाचं नाव मोठ्या इतिहासाला जोडलं गेलं, हे मोलाचं आहे. पण स्मारक म्हणजे जतन नव्हे. जतन म्हणजे जे उरलंय ते टिकवणं. डागडुजी म्हणजे मोडलेलं त्याच पद्धतीने सांधणं. पुनर्बांधणी म्हणजे पडलेलं पुन्हा उभं करणं. स्मारक म्हणजे आठवणीसाठी नवं काही बांधणं. प्रबंधात हे चार शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. नवं बांधकाम जुन्या जागेचा पुरावा होऊ शकत नाही. उलट पाया खोदताना जुनी चूल, खापरं, दगडी फरस असं काही असेल तर तेच जातं.

तुलनेसाठी खोडाळ्याहून विहीगावमार्गे कसाऱ्याला उतरा. मुंबई-आग्रा रस्त्यावर कसारा घाटात घुमटासारख्या छताची एक दगडी विहीर आहे. ती अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखली जाते. नाव तिथेही मोठंच आहे, पण त्या जागेला नावाचा आधार लागत नाही. घाट चढून दमलेल्या माणसाला पाणी लागतं, म्हणून ती तिथे आहे. थांबा म्हणजे काय, हे ती विहीर न बोलता सांगते. आणि म्हणूनच अशा ठिकाणी डागडुजी जपून करावी लागते. चुन्यात बांधलेल्या जुन्या दगडकामाचे सांधे सिमेंटने भरले की आतला ओलावा कोंडतो, क्षार साठतात आणि कडेचा दगड सुटू लागतो. वरून चकाचक, आतून खराब.

म्हणून माझा प्रश्न आता बदललाय. ‘इथे कोण राहून गेलं?’ याऐवजी मी विचारते, ‘इथे पाणी कुठून आणायचे? जनावरं कुठे बांधायचे? रात्री राखण कोण करायचं?’ पहिल्या प्रश्नाला एका रात्रीचं उत्तर मिळतं. दुसऱ्या प्रश्नांना शेकडो वर्षांची उत्तरं मिळू शकतात, आणि ती देणारी माणसं अजून पाड्यांवर आहेत.

शेवटचा मुद्दा. दिवाळी झाली की मोखाडा-जव्हारची कितीतरी कुटुंबं भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. नाक्यावर भांडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन गाडीची वाट बघत बसतात. तोही थांबाच आहे. त्याची पाटी नाही, आणि कदाचित कधी लागणारही नाही. पन्नास वर्षांनी तिथे कुणी संशोधक आला, तर त्याला काय सापडेल? आज आपण टिपून ठेवलं, तेवढंच.

तेव्हा या आठवड्याचा अभ्यास : तुमच्या गावाजवळचा एक जुना थांबा घ्या. त्याबद्दल सांगितलं जाणारं एकच वाक्य वहीत लिहा. त्याची विधानं सुटी करा आणि प्रत्येकासमोर लिहा, ‘कशावरून?’ जिथे उत्तर सुचणार नाही, तिथेच तुमचा विषय आहे.