वाटून घेतलेला स्वर

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या स्वरलिपीत व्हायोलिनच्या ओळीवर अधूनमधून ‘डिव्हिजी’ ही इटालियन सूचना दिसते. तोवर एकच सुरावट वाजवणाऱ्या वादकांनी आता गट पाडून वेगवेगळे स्वर वाजवायचे, असा तिचा अर्थ. ‘उनिसोनो’ आले की पुन्हा एकत्र यायचे. वाद्यवृंदलेखनाच्या पुस्तकांत तिचा विचार तंत्र म्हणून होतो. संगीतशाळेचा उंबरठा न ओलांडता, ध्वनिमुद्रणे ऐकत स्वरलिपी वाचायला शिकलेल्या मला मात्र वाटते की ती आशयाचीही खूण आहे. समूहात एकट्याचे स्थान काय, हे तिथे ठरत असते.

व्यवहार साधा आहे. दोन वादकांत एक स्टँड आणि त्यावर एकच प्रत. दोन भाग करायचे तर सामान्यतः श्रोत्यांकडच्या बाजूचा वादक वरचा स्वर घेतो, आतला खालचा. पान उलटायचे कामही आतल्याकडेच. भाग याहून वाढले की वाटणी बहुधा स्टँडनिहाय होते. सोळा व्हायोलिनचे चार भाग केले, तर प्रत्येक स्वराच्या वाट्याला चारच वादक येतात. स्वरांची संख्या वाढते, पण एकेका स्वराचे वजन घटते.

हे घटलेले वजन वाग्नरने अर्थासाठी वापरले. १८५० साली वायमारला लिस्टच्या संचालनाखाली प्रथम सादर झालेल्या ‘लोहेन्ग्रिन’च्या पूर्वरंगात चार व्हायोलिन स्वतंत्र आहेत आणि उरलेली आणखी चार भागांत विभागलेली. उंच सप्तकातला तो विरळ नाद कोणा एकाचा वाटतच नाही. पवित्र पात्राचे अवतरण सुचवायला हेच हवे होते.

विभागणी शेवटच्या टोकाला गेली की काय होते? लिगेतीच्या ‘अ‍ॅटमॉस्फिअर्स’मध्ये (१९६१) ५६ तंतुवादकांना ५६ वेगळे भाग आहेत. कागदावर हे पूर्ण स्वातंत्र्य. कानाला मात्र ऐकू येतो सरकणारा, रंग बदलणारा एकच ढग. त्यातला एक वादक वेगळा काढून ऐकणे जवळजवळ अशक्य. प्रत्येकाला स्वतःचे काम मिळाले, पण ओळख कोणालाच उरली नाही.

याच्या शेजारी रिचर्ड स्ट्राउसचे ‘मेटामॉर्फोझेन’ ठेवून पाहावे. जर्मनी उद्ध्वस्त होत असताना, एप्रिल १९४५मध्ये ते पूर्ण झाले. इथेही २३ वादक आणि २३ भाग: दहा व्हायोलिन, पाच व्हायोला, पाच चेलो, तीन डबल बास. पण हे वादक मधूनच एका सुरावटीवर एकत्र येतात, पुन्हा पांगतात. एखादा पुढे येतो तेव्हा तो कोणातून पुढे आला हे आपल्याला ठाऊक असते. शेवटी खालच्या वाद्यांतून बीथोव्हनच्या ‘एरोइका’तले शोकसंचलन उमटते, तेव्हा शोक एकेकट्याचाही वाटतो आणि सर्वांचाही.

लिगेतीची रचना यामुळे कमी दर्जाची ठरत नाही. व्यक्तीचे विरघळणे हाच तिचा विषय आहे. आक्षेप आहे तो, भाग जितके अधिक तितकी रचना प्रगत, या समजुतीवर. दोन्हीकडे प्रत्येकाचा भाग वेगळाच आहे. तरी अनुभव उलट टोकांचे. म्हणून भाग किती, एवढ्यावर समीक्षेने थांबू नये. वेगळे झालेले वादक पुन्हा कुठे भेटतात, आणि भेटतात का, हेही स्वरलिपीत शोधावे.