‘आमचा गाव’ कोणाचा? : उल्हास खोऱ्यातील आदिवासी बोली आणि संघटनांची भूमिका

प्रस्तावना

आदिवासी संघटनांच्या कार्याचे मूल्यमापन सामान्यतः जमीन, मजुरी आणि वेठबिगारी या निकषांवर केले जाते. भाषा हा निकष त्यात अभावानेच आढळतो. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात ही उणीव विशेषत्वाने जाणवते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला 1949 मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले आणि 1967 मध्ये सिंधी भाषेचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. स्वतःचे राज्य नसलेल्या भाषेलाही मान्यता मिळू शकते, हे यातून सिद्ध झाले. त्याच परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ठाकूर व कातकरी समाजाच्या बोली मात्र नोंदीबाहेर राहिल्या. या विसंगतीची मीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अभ्यासाचा विषय, बोलीचे मौन

बदलापूर हे मराठी ग्रामाभ्यासाचे एक उगमस्थान आहे. 1934 च्या बडोदा साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ना. गो. चापेकर यांनी ‘आमचा गाव – बदलापूर’ (1933) हा ग्रंथ सिद्ध केला. पुढे ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकूर जमातीवरील इंग्रजी ग्रंथ 1960 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही ग्रंथांचे दस्तऐवजी मूल्य निर्विवाद आहे. तथापि शीर्षकातील ‘आमचा’ या सर्वनामात गावठाणाबाहेरच्या वाड्या कितपत सामावतात, हा प्रश्न समीक्षेने विचारावयास हवा. एका ग्रंथाची भाषा प्रमाण मराठी, दुसऱ्याची इंग्रजी. ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांची बोली अभ्यासाची सामग्री ठरली. ती लेखनाचे माध्यम झाली नाही.

भाषाशास्त्रीय वर्गीकरणानेही हेच केले. ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या मराठीविषयक खंडात (1905) या बोली मराठीच्या पोटात घालण्यात आल्या. वर्गीकरण म्हणून ते समर्थनीय असेलही. परंतु त्याचे परिणाम शाळेपर्यंत पोहोचतात. संविधानाचा अनुच्छेद 350-क भाषिक अल्पसंख्याक बालकांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 29 शक्य तेथवर मातृभाषा हेच माध्यम असावे असे म्हणते. कातकरी मुलाची मातृभाषा ‘मराठी’ अशी गृहीत धरली, की हा हक्क मागण्याचा आधारच नाहीसा होतो. दिवाळीनंतर आईवडिलांसोबत वीटभट्टीवर जाणारे मूल पावसाळ्यात शाळेत परतते, तेव्हा पाठ्यपुस्तकाची भाषा त्याला अर्धीच उमगते. मूल ‘मंद’ ठरते; भाषेतील अंतर कोणाच्या ध्यानी येत नाही.

संघटनांचे योगदान आणि मर्यादा

ठाणे जिल्ह्याला आदिवासी चळवळीची समृद्ध परंपरा आहे. 1945 च्या वारली उठावाची कहाणी गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथातून महाराष्ट्रासमोर आली. काळूराम धोदडे यांच्या नेतृत्वाखालील भूमीसेनेने जमिनीचा, तर श्रमजीवी संघटनेने वेठबिगारीचा प्रश्न ऐरणीवर आणला. ज्याच्या हाती जमीन नाही, त्याने आधी भाषेसाठी लढावे असे म्हणणे अन्यायाचे होईल. हा अग्रक्रम समजण्याजोगा आहे.

मात्र अग्रक्रम आणि विस्मरण या भिन्न गोष्टी आहेत. आदिवासी एकता परिषदेने चार राज्यांतील जमातींना सांस्कृतिक एकतेच्या भूमिकेवर एकत्र आणले. एकतेच्या या आग्रहात लहान बोलींचे वेगळेपण पुसले जाण्याचा धोका असतो, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. साहित्याच्या क्षेत्रात 1979 च्या भद्रावती येथील पहिल्या आदिवासी साहित्य संमेलनापासून आत्मशोधाला चालना मिळाली. 1990 मध्ये पालघर येथील संमेलनाचे अध्यक्ष वाहरू सोनवणे यांनी मौखिक परंपरेलाही साहित्याचा दर्जा असल्याची भूमिका मांडली. त्यांच्या ‘गोधड’ या संग्रहात भिली व मराठी या दोन्ही भाषा शेजारी नांदतात. संघटनांनी अनुकरण करावे असा हा आदर्श आहे. दोन भाषांपैकी एकीची निवड करण्याची सक्ती त्यात नाही.

अन्यत्रचे अनुभवही बोधप्रद आहेत. नेपाळ व सिक्कीममधील तमांग संघटनांनी भाषा, संस्कृती आणि हक्क यांची एकत्रित मांडणी केली. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी संथाळीसाठी ओल चिकी लिपी घडविली आणि 2003 मध्ये संथाळी आठव्या अनुसूचीत आली. तेथे भाषा ही हक्कांच्या लढ्यानंतरची चैन नव्हती. ती त्या लढ्याचाच भाग होती.

निष्कर्ष

रोजगारासाठी पालकांनाच प्रमाण मराठी हवी असते, हा आक्षेप खरा आहे. परंतु प्रमाण मराठीपर्यंत जाण्याची वाट घरच्या बोलीतूनच जाते. ती वाट बंद करून मराठी येत नाही. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडाने (2013) या बोलींची दखल घेतली आहे. आता त्या दखलेचे रूपांतर पहिली-दुसरीच्या पूरक पुस्तिकांत, आश्रमशाळांतील शिक्षकांच्या प्रशिक्षणात आणि संघटनांच्या मागणीपत्रांत व्हावयास हवे. परिसरातील महाविद्यालयांचे मराठी विभागही ठाकरी व कातकरी गीतकथांचे संकलन हाती घेऊ शकतात. अट एवढीच, की सांगणाऱ्याचे नाव संकलकाच्या नावाआधी यावे. वाड्यांतील माणसे स्वतःच्या बोलीत लिहू लागतील, तेव्हाच ‘आमचा गाव’ या शब्दांतील ‘आमचा’ सर्वांचा होईल.